तोंडातलं काढायचं नाही

चंद्रपूरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत मी आधी मायनिंग सिरदार, मग ओव्हरमन होतो. नोकरीची शेवटची वर्षं प्रशिक्षण केंद्रात गेली. खाणीत आग लागली तर बाहेर कसं पडायचं, हे शिकवायचं काम.

नवी पोरं ज्वाळांबद्दल विचारतात. पण ज्वाळा दिसतीलच असं नाही. कोळसा हवेनं आपोआप तापतो, आतल्या आत धुमसतो आणि माणसाला गाठतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. जानेवारी १९९४ मध्ये राणीगंज पट्ट्यातल्या न्यू केंदा खाणीत आग लागली आणि ५५ कामगार गेले. हे सांगितलं की वर्गातली कुजबुज थांबते.

कमरेला सेल्फ रेस्क्यूअर असतो, विषारी हवेत श्वास घ्यायचा डबा. त्याचं झाकण उघडायचं, माउथपीस दातांत धरायचा, नाकाला चिमटा लावायचा. वर्गात हे सगळ्यांना जमतं. खरी अडचण पुढे. फिल्टरच्या डब्यातलं रसायन विषारी वायूचं कार्बन डायऑक्साइड करतं, तेव्हा उष्णता निघते. वायू जितका जास्त, तितका श्वास गरम. एकानं विचारलं, "साहेब, तोंड भाजून राहिलं तर डबा खराबच ना?" म्हटलं, भाऊ, तोंड भाजतंय म्हणजे डबा चालू आहे. काढलास तर संपलास. हा डबा प्राणवायू मात्र तयार करत नाही, तो देणारा प्रकार वेगळा. दोन्ही हातात देऊन हा फरक मी दहादा घोकून घ्यायचो.

मग सरावासाठी धूर भरलेली गॅलरी. त्यात चष्म्याच्या काचांना काळा कागद, एक हात दोरीवर, दुसरा पुढच्याच्या खांद्यावर. एकदा एक जुना टिंबरमन सगळ्यांत पुढे होता. मागचा अडखळला, तसा यानं माउथपीस काढला आणि ओरडला, "इकडे ये रे, रूळ धर!" सोबत्याची काळजी होती, पण खऱ्या धुरात तोच आधी कोसळला असता. तेव्हापासून मी बाही ओढण्याच्या खुणा पक्क्या करून घेऊ लागलो. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल.

आणखी एक. कायद्यानं खाणीला बाहेर पडायच्या दोन वाटा लागतात. बहुतेकांना ठाऊक असते ती एकच, रोज कामावर यायची. आग त्याच, ताज्या हवेच्या वाटेवर लागली, तर धूर त्याच वाटेनं अंगावर येतो. दुसऱ्या वाटेचा नकाशा भिंतीवर असतो खरा, पण अंधारात तो कोण वाचणार?

खाण प्रशिक्षणाच्या १९६६ च्या नियमांप्रमाणे उजळणी प्रशिक्षण पाच वर्षांतून एकदा. माझ्या मते ते फार कमी आहे. खाण व्यवस्थापकांना एवढीच विनंती, महिन्यातून एकदा तरी शिफ्ट सुटताना माणसं दुसऱ्या वाटेनं बाहेर आणा.