कोलोसियमची दक्षिण बाजू

कोलोसियमवर लिहा, पण सामान्य वाचकाला झेपेल असं लिहा, असं संपादकांनी बजावलं आहे. सम्राट, ग्लॅडिएटर आणि सिंह यांच्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. माझं काम इमारतीखालची जमीन तपासण्याचं, तेव्हा मी तिथूनच सुरुवात करतो.

नीरोनं आपल्या सुवर्णमहालासाठी रोममधल्या एका सखल जागी तलाव करून घेतला होता. नीरोनंतरच्या यादवीतून गादीवर आलेल्या व्हेस्पासियननं तो हटवून तिथे लोकांसाठी क्रीडागार बांधायला घेतलं. त्याचा मुलगा टायटस यानं इ.स. 80 मध्ये उद्घाटन केलं. 188 मीटर लांब, 156 मीटर रुंद, जवळपास 50 मीटर उंच अशी ही लंबवर्तुळाकार वास्तू दहाएक वर्षांत उभी राहिली. तिच्याखाली काँक्रीटचं सुमारे 12 मीटर जाडीचं कडं आहे. पाणथळ जागी एवढा पाया त्या काळात भरला गेला, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं.

हे काँक्रीट म्हणजे चुना, ज्वालामुखीची राख आणि दगडगोटे. ‘रोमन काँक्रीट दोन हजार वर्षं टिकतं, मग तुमचं पन्नास वर्षांत का गळतं?’ हा प्रश्न ऐकून मी थकलो आहे. त्यात लोखंडी सळई नाही, म्हणून गंजायला काही नाही. पण सळई नाही म्हणूनच ते दाब सोसतं, ताण सोसत नाही. त्यामुळे सगळीकडे कमानी, कमानदार छतं आणि जाड भिंती. तुमच्या फ्लॅटची बाहेर काढलेली बाल्कनी त्या मालात उभी राहणार नाही.

आता मूळ मुद्दा. बाहेरच्या भिंतीत तळाला 80 कमानी होत्या. आज निम्म्याहून कमी उरल्यात, त्याही उत्तरेला. त्यांवर कोरलेले 23 ते 54 हे प्रवेशक्रमांक अजून वाचता येतात. दक्षिणेची बाहेरची भिंत गेली कुठे? लोकांनी दगड चोरले, हे ठरलेलं उत्तर. दगड नेले हे खरंच, रोममधल्या कितीतरी वाड्यांत आणि चर्चमध्ये ते आहेत. ट्रॅव्हर्टाइनचे चिरे जोडणारे लोखंडी आकडेही मध्ययुगात उपटून नेले. भिंतीवर दिसतात ती भोकं त्याचीच. पण ही भोकं उभ्या असलेल्या उत्तरेच्या भिंतीवरही आहेत. आकडे काढल्यानंच भिंत पडली असती तर उत्तर बाजू वाचायला नको होती.

माझ्या मते दोष खालच्या जमिनीत आहे. उत्तरेकडची जमीन जुनी, दबून घट्ट झालेली. दक्षिणेकडे पाया जातो तो एका जुन्या ओढ्याच्या गाळावर. भूकंपात असा सैल गाळ हादरा वाढवतो, शिवाय एकाच कड्याचे दोन भाग वेगवेगळे हलतात. भूकंपात ढासळलेला आखाडा नगरप्रमुख बासिलियसनं स्वखर्चानं दुरुस्त केल्याचा शिलालेख तिथेच आहे. पुढे 1349 च्या भूकंपानं दक्षिणेची बाहेरची भिंत आडवी केली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दगड नेणाऱ्यांना मग ढिगाराच मिळाला. तरीही रोमन स्थपती चुकले असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ओढ्याच्या गाळावर तेराशे वर्षं हा हिशेब मला तरी मांडता आला नसता.

हे इतकं ताणून सांगतोय, कारण अलीकडचं एक प्रकरण डोक्यातून जात नाही. पुण्यातल्या एका सोसायटीची इमारत अर्धी मुरमावर, अर्धी बुजवलेल्या ओढ्याच्या भरावावर. माती परीक्षणाचे बोअर सगळे मुरमाच्या बाजूला घेतलेले. जोडावर तिरपे तडे गेले, तेव्हा रहिवाशांनी आधी रंगाऱ्याला बोलावलं.

कोलोसियमचं कडं तुटल्यावर नवी पंचाईत झाली. कमान शेजारच्या कमानीला रेटते, आणि अखंड कड्यात हे रेटे एकमेकांना पेलून धरतात. कपाटात घट्ट बसवलेली अर्धी पुस्तकं काढली की कडेचं पुस्तक कलतं, तसं तुटक्या टोकांचं झालं. 1806 च्या भूकंपानंतर पूर्वेचं टोक पडायला आलं, तेव्हा राफाएले स्टर्न यानं तिथे विटांचा तिरपा टेकू उभारला आणि शेवटच्या कमानी विटांनी भरून टाकल्या. नीट पाहिलं तर कमानीचे दगड खाली घसरलेले दिसतात. स्टर्ननं ते वर न उचलता होते तिथेच विटांत धरून ठेवले. वीसेक वर्षांनी पश्चिमेच्या टोकाला ज्युसेप्पे वालादिएनं विटांतच कमानी काढून भिंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरवली. देखणं काम, फोटो त्याचेच जास्त निघतात. मी मात्र स्टर्नच्या बाजूचा. त्याच्या भिंतीत कुठला दगड किती सरकला आणि कोणत्या दिशेला, हे आजही पट्टी लावून मोजता येतं.