तांबड्या ठिपक्याची गोष्ट

लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीस मूळचाच रंग द्यावयाचा, हे काम पोरखेळाचे नव्हे, हे मारेगावी नातवाच्या संगतीने मला उमजले. 1944 साली अर्जनसिंगांच्या नेतृत्वाखाली हिंदी हवाईदलाचे पहिले पथक इंफाळला हरिकेन विमानांनी लढले. त्यांपैकीच एक त्याने करावयास घेतले. पंखावरील चक्रात तांबडा ठिपका हवाच, असा घरातील मंडळींचा आग्रह. परंतु जपानी विमानांवर तांबडे सूर्यबिंब असे, आणि गडबडीत आपलेच तोफवाले आपल्यांवर गोळ्या झाडतील, म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तांबडा वगळून निळ्याच्याच दोन छटा वापरीत. हे ठाऊक असता तो ठिपका देणे म्हणजे त्या वैमानिकाशी प्रतारणाच! शेवटी मंडळींनी मानले.

अंगावरचा हिरवा व मातकट रंग मात्र सहज सापडेना. छायाचित्रे कृष्णधवल, त्यांतही जुन्या काही फिल्मांवर तांबडा काळवंडून व निळा फिका उमटे. शिवाय उन्हापावसाने मूळ रंगही विटत. अमरकोशात कपिश, पिशंग, पिंगल असे बारकावे आहेत खरे, पण रंगाच्या डबीवर नुसते आकडे! दूरची वस्तू फिकट दिसते, यास्तव लहान प्रतिकृतीच्या रंगात किंचित पांढरा मिसळावा, असे जाणते सांगतात. तो किती, यावर आजोबा-नातवाचे अद्यापि एकमत नाही.