तळ्याची साक्ष

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आजोळी गेलो असता एका अपराधाचा धनी झालो. सायंकाळी तळ्याच्या पायरीवर बसून आजोबा म्हणाले, "बाळ, माझ्या लहानपणी हे पाणी आम्ही ओंजळीने पीत असू." मी उद्धटपणे उत्तरलो, "म्हाताऱ्या माणसांना जुने सारेच चांगले वाटते. याला पुरावा काय?" आजोबा काही बोलले नाहीत, काठी टेकीत घरी गेले.

शाळा सुरू झाल्यावर विज्ञानाच्या गुरुजींनी पाण्यातील दगडावरचा तपकिरी, बुळबुळीत थर थोडासा खरवडून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला. अशाच थरावरून घसरून मी तळ्याकाठी कित्येकदा आपटलो होतो. आणि पाहतो तो त्यात काचेच्या चिमुकल्या होड्या संथपणे सरकत होत्या! हेच डायाटम, अर्थात करंडक शैवल. वाळूत असणाऱ्या सिलिका द्रव्याचेच त्यांचे कवच असते, व त्याचे दोन भाग कुंकवाच्या करंड्याप्रमाणे एकमेकांवर बसतात.

गुरुजी म्हणाले, "प्रत्येक जातीला विशिष्ट पाणी मानवते. निट्झिया पॅलिया ही जात सांडपाण्यातही फोफावते. इतर कित्येक जाती तेथे तग धरीत नाहीत. म्हणून तज्ज्ञ तीनचारशे कवचे ओळखून, मोजून पाण्याच्या आरोग्याचा अंदाज बांधतात."

शिवाय हे कवच कुजत नाही. ते तळाच्या गाळात थरावर थर साठत जाते. स्कॉटलंडातील 'राउंड लॉक ऑफ ग्लेनहेड' या तळ्याचे पाणी सुमारे १८५० पासून अधिकाधिक आम्ल होत गेले, हे फ्लॉवर व बॅटरबी या शास्त्रज्ञांनी १९८३ साली गाळातील कवचांवरूनच दाखविले. कोळशाच्या धुरामुळे पडणारा आम्ल पाऊस हे त्याचे कारण ठरले. आपल्याकडे पन्हाळगडावरील डायाटमांचे वर्णन हे. पृ. गांधी यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. अशी जुनी नोंद हाती असली, म्हणजे आजच्या पाण्याशी तुलना करता येते.

हे ऐकून मी मनात खजील झालो. पुरावा मागण्यात दोष नव्हता. परंतु तो न शोधताच वडीलधाऱ्या माणसाचे बोलणे मी खोटे ठरविले होते. दिवाळीत आजोळी गेल्यावर प्रथम आजोबांच्या पाया पडलो व म्हणालो, "आजोबा, मला क्षमा करा. तुमची साक्ष या तळ्याच्या चिखलात असेल."

आजोबा हसून म्हणाले, "असेल, किंवा नसेलही. आधी पाहा, मग बोल."