रोजरीची वेळ

वसईच्या ख्रिस्ती समाजाविषयी आजवर जे लेखन झाले त्यात किल्ला हमखास येतो, 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगिजांशी केलेला तह येतो, 1739 मधील चिमाजी आप्पांचा विजय येतो आणि आडनावे पोर्तुगीज असूनही भाषा मराठी कशी, हे कुतूहलही न चुकता येते. वसईतील ख्रिस्ती माणूस चर्चला आजही देऊळ म्हणतो, आणि या लेखनातील बहुतेक अभ्यासक त्या देवळाच्या दारापर्यंत येऊन तेथूनच परत गेले असावेत, असे म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाही. सायंकाळी सातच्या सुमारास घराच्या ओटीवर काय चालत होते, त्या वेळी चुलीवर काय शिजत होते आणि ते शिजवणारीच्या तोंडी कोणती प्रार्थना होती, याची नोंद फार थोड्यांनी केली. ज्या ओट्यांवर हे सारे घडत होते त्यांची कौले उतरवून ट्रकमध्ये भरली जात असताना ही उणीव अधिकच टोचते.

आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव आणि गास या परिसरातील वस्ती आळ्यांची आहे. आळी म्हणजे एकाच भावकीची किंवा शेजारधर्माने बांधलेली दहा-वीस घरे. सामवेदी ख्रिस्ती, ज्यांना कुपारी असेही म्हणतात, ते येथे पिढ्यानपिढ्या बागायत करत आले. घरामागे वाडी, वाडीत केळी, नारळ आणि पानवेली, विहिरीवर रहाट, आणि आळीच्या कडेला बावखल, अशी ही रचना होती. बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठून ते हळूहळू जमिनीत मुरावे म्हणून पूर्वजांनी खोदून ठेवलेले तळे. समुद्र इतका जवळ असूनही विहिरींचे पाणी गोड राहिले ते बऱ्याच अंशी या तळ्यांमुळे. अशा घराच्या ओटीवर, पूर्वेच्या किंवा सोयीच्या भिंतीला, आल्तार असे. आल्तार म्हणजे घरातील वेदी: येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, मरियेची मूर्ती, तेलाचा दिवा, जो पुढे लाल रंगाचा झिरोचा दिवा झाला, आणि तसबिरीच्या मागे खोवलेली झावळीची पाती. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, देवळात आशीर्वादित केलेली ही पाती वर्षभर तेथे वाळत राहत, आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारापूर्वी ती देवळात परत जात, कारण त्या दिवशी कपाळाला लावायची राख याच पात्यांची करतात. पाते आपल्याच वाडीतील नारळाचे असे, ही गोष्ट त्या काळी कोणाला सांगण्यासारखी वाटली नसेल.

रोजरी म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना. पाच दशके, प्रत्येक दशकात दहा वेळा ‘नमो मरिया’, आणि प्रत्येक दशकाच्या आरंभी येशू-मरियेच्या जीवनातील एका प्रसंगाचे स्मरण, अशी तिची बांधणी असते. या प्रसंगांना रहस्ये म्हणतात. काही रहस्ये आनंदाची, काही दुःखाची, काही गौरवाची. कोणत्या दिवशी कोणती म्हणायची हे मात्र म्हणणाऱ्याच्या मनावर नसते. जुन्या पद्धतीप्रमाणे सोमवारी व गुरुवारी आनंदाची, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, आणि बुधवार, शनिवार, रविवार गौरवाची, असा क्रम ठरलेला होता. भक्तीच्या या वेळापत्रकाला धर्माच्या अभ्यासकांनी फारसे महत्त्व दिलेले नाही, आणि सुशिक्षित तरुणांना तर त्यात यांत्रिकपणाच अधिक दिसला. परंतु कष्टाच्या घरात आशा कशी टिकून राहिली, हे समजून घ्यायचे असेल तर या वारांच्या हिशेबाकडेच पाहावे लागते. ख्रिस्ती धर्मशास्त्र श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन ईश्वरदत्त सद्गुण मानते. पैकी श्रद्धेवर आणि प्रीतीवर प्रवचने उदंड होतात, आशेच्या वाट्याला बहुधा अंत्यविधीचे प्रवचन तेवढे येते.

अशाच एका आळीतील एका आजीचा उल्लेख येथे करणे आवश्यक आहे. ती अकाली विधवा झाली. पदरी चार मुले, वाडीचा लहानसा तुकडा आणि एक म्हैस. पहाटे तीनला उठून, लाल लुगड्याचा काचा मारून, भाजीची पाटी घेऊन ती विरारहून सुटणारी पहिली लोकल गाठत असे आणि दादरच्या बाजारात किंवा मधल्याच एखाद्या स्टेशनाबाहेर बसून माल संपवून दुपारी परतत असे. मुंबईकरांना ठाऊक असलेली ‘वसईवाली’ ती हीच. मात्र तिची दुपारनंतरची बाजू मुंबईला कधी दिसली नाही. दुपारी वाडीला पाणी, संध्याकाळी धार, आणि हंगामात सुकेळ्यांचे काम. राजेळी केळी पिकवून, सोलून, मांडवावर उन्हात वाळवून जी सुकेळी होतात त्यांना रोज सूर्य कलताच मांडवावरून उतरवून केळीच्या सुक्या पानांत गुंडाळून ठेवावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरावे लागते. हे कित्येक दिवस चालते. ते शेवटचे गाठोडे बांधून झाले की रोजरी. केळीच्या चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत आणि हातावरूनही लवकर जात नाहीत. तिच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या पेरांवर ते कायमचे होते, आणि त्याच दोन बोटांत माळ फिरत असे. माळेतील एक मणी कधीतरी निखळला होता. त्याच्या जागी तिने दोऱ्याची जाड गाठ मारली होती, आणि अंधारात तिसऱ्या दशकाची जागा तिला त्या गाठीवरून कळत असे.

या प्रार्थनेत ध्यानमग्न शांतता शोधणाऱ्याची निराशा झाली असती. धाकटा पेंगत असे, थोरला दशके मोजत असे, शेजारची जाऊ येऊन दारातच टेकत असे. घरातली एखादी मध्येच उठून चुलीवरचे कालवण उतरवून येई आणि सगळे जेथवर पोचले असतील तेथून आपला स्वर मिळवत असे. तिच्यासाठी कोणी थांबत नसे आणि ती गेली म्हणून कोणाला काही वाटतही नसे. शेवटी लहानांनी थोरांपुढे हात जोडून आशीर्वाद मागायचा. दुपारी मार खाल्लेल्या मुलालाही तो मागावा लागे, आणि मारलेल्या हातालाच तो द्यावा लागे. घरातील अबोले बहुधा याच ठिकाणी सुटत असत, कारण आशीर्वाद मागण्यापुरते तरी बोलणे भाग होते.

या आजीच्या नवऱ्याला विषमज्वराने नेले. मातीचा विधी गुरुवारी झाला, आणि त्या संध्याकाळी ओटीवर भावकी जमली तेव्हा कोणीतरी दुःखाची रहस्ये सुरू केली, जे त्या घडीला स्वाभाविकच होते. आत बसलेल्या विधवेने तेथूनच सांगितले, “आज गुरुवार आहे.” जमलेल्यांना हे क्षणभर कळले नाही, मग सुरुवात नव्याने झाली, आणि ज्या घरातून सकाळी प्रेत बाहेर पडले होते त्या घरात देवदूताने मरियेला दिलेला निरोप, मरियेने एलिझाबेथेला दिलेली भेट आणि गोठ्यातील जन्म, या प्रसंगांचे स्मरण ओळीने केले गेले. आळीत यावर पुढे पुष्कळ बोलले गेले. काहींना ते धैर्य वाटले, काहींना, विशेषतः नवऱ्याकडच्या मंडळींना, ती बाई कोरडी वाटली. दोन्ही मते चुकीची असावीत. मन ज्या दिवशी काहीच ठरवू शकत नाही त्या दिवशी वाराने ठरवलेले करणे, एवढेच तिने केले. आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, तेव्हा दुःखाची रहस्ये आपोआपच आली, त्यांना बोलवावे लागले नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये प्रकाशाची रहस्ये नव्याने जोडली आणि त्यांच्यासाठी गुरुवार नेमला, हे तिला म्हातारपणी धर्मगुरूंनी समजावून सांगितले. तिने ते आदराने ऐकून घेतले आणि पाळले नाही.

पुढे वाडीवर जे संकट आले ते मात्र कोणत्याही वाराने येऊन जाणारे नव्हते. रहाट गेले, इंजिने आली, मग विजेचे पंप आले. उपसा वाढला, विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले, बावखले भरावाखाली बुजली आणि गोड पाण्याची जागा खारे पाणी घेऊ लागले. खारटपणा जिभेला कळण्याआधी केळीच्या पानाला कळतो: पानाची कड तपकिरी होऊन जळल्यासारखी दिसू लागते. 1988 मध्ये सरकारने वसईच्या हरित पट्ट्यातील बरीचशी जमीन बांधकामाला मोकळी करण्याचे ठरवले तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली जो लढा उभारला, त्यात लाल लुगड्यातील अशा बायका मोठ्या संख्येने होत्या. दिब्रिटोंनी ‘सुवार्ता’ मासिकाच्या संपादकपदावरून या प्रश्नाला शब्द दिले; त्यांना ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, आणि जुलै 2024 मधील त्यांच्या निधनानंतर त्यांच्याविषयी यथोचित लिहिलेही गेले. मोर्च्यात मागच्या रांगेत चालणाऱ्या आणि सातच्या आत घरी पोचण्यासाठी मध्येच परत फिरणाऱ्या बायकांविषयी लिहिण्याचे मात्र राहून गेले.

वाडी विकणाऱ्यांना सरसकट दोष देणे योग्य नव्हे. खारे पाणी, वाटण्या होऊन उरलेले गुंठे, आजारपणाची बिले आणि मुलांच्या फिया यांपुढे केळीचे उत्पन्न टिकणारे नव्हतेच. तरीही त्या आजीच्या घराचा व्यवहार ज्या रीतीने झाला तो नोंदवणे भाग आहे. खरेदीखतावर तिची सही लागत होती म्हणून ती घेतली गेली. तिचे मत लागत नव्हते, म्हणून ते विचारले गेले नाही. व्यवहार ठरवणाऱ्याला जागेचा भाव अचूक ठाऊक होता, याविषयी दुमत नाही. घर पाडले त्या दिवशी आल्तार आधी उतरवला गेला, पण भिंतीतली ज्या खुंटीवर माळ अडकवली जाई ती शिसवी खुंटी काढून घेण्याचे कोणाला सुचले नाही, आणि सुचवणाऱ्या म्हातारीला त्या दिवशी मुद्दाम लेकीच्या घरी पाठवण्यात आले होते.

नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आल्तार टीव्हीच्या कपाटावर बसला. रोजरीची वेळ मालिकांच्या वेळेशी आली, पाचाची तीन दशके झाली, तिनाचे एक झाले, आणि आजीच्या पश्चात तेही बंद पडले. येथे सर्व संपले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि वसईवरील बरेचसे स्मरणलेखन तो काढतेही. परंतु मार्च 2020 मध्ये देवळे बंद झाली, मिस्सा, म्हणजे देवळातील उपासना, पडद्यावर आली, आणि त्याच महिन्यांत या घरातील कर्त्या मुलाची नोकरी गेली. घराचे हप्ते चालू होते, मुलगी बारावीत होती. त्या दिवसांत सुनेने कपाटातून माळ काढली. ती सासूच्या चालीत म्हणत होती, सासू श्वास घ्यायला जेथे थांबे तेथे थांबत होती, आणि मध्येच उठून कुकरखालचा गॅस बारीक करून येत होती. सासूचा गुरुवारचा हट्ट मात्र तिने चालवला नाही. गुरुवारी तिच्या घरात प्रकाशाचीच रहस्ये म्हटली गेली. नोकरी वर्षभराने लागली, पूर्वीपेक्षा कमी पगाराची. प्रार्थनेमुळे ती लागली असे त्या घरात कोणी म्हणत नाही, आणि असे विचारणाऱ्याकडे सून काहीशा नापसंतीने पाहते.

आळीच्या तोंडावरचा क्रूस हलवता आला नाही, म्हणून इमारतीची भिंतच त्याला वळसा घालून बांधावी लागली. आता त्याला स्टीलचे कठडे आहेत आणि फरशी आहे, जी सौंदर्याच्या दृष्टीने चांगली नाही. मे महिन्यात त्याच्यापुढे संध्याकाळी प्रार्थना होते. जुन्या आळीतले लोक येतात, इमारतीतले येतात, तळमजल्यावरचे मालवणकडचे एक हिंदू कुटुंबही शेजाराला म्हणून येऊन बसते आणि शेवटी वाटले जाणारे चणे घेऊन जाते. खुर्च्या दर वर्षी कमी पडतात, आणि त्या आळीने आणायच्या की सोसायटीने, हा वाद अजून मिटलेला नाही.