जुनी मोटार घेण्यापूर्वी

ज्या घरांत एकेकाळी फियाट घरच्या माणसासारखी वावरली, त्या घरांतील मुले आता साठीला टेकली आहेत; हाती चार पैसे आले की त्यांना पुन्हा तीच गाडी हवीशी वाटते. बडोद्यातील आमच्या तीन स्नेह्यांनी ही हौस पुरविली. गाडी पाहावयास प्रत्येक वेळी मीही सोबत होतो.

गिऱ्हाईक प्रथम बॉनेट उघडते. मला हा क्रमच उफराटा वाटतो. पद्मिनीचे १०८९ सी.सी.चे इंजिन साधे. जाणता मिस्त्री ते पुन्हा उभे करतो. परंतु या गाडीला वेगळी चौकट नाही, पत्र्याचा सांगाडाच सारा भार वाहतो. तो गंजला म्हणजे हाडच सडले! म्हणून दारांखालची पट्टी, पायपुसण्याखालची जमीन आणि डिकीचा तळ आधी पाहावा. मुंबईच्या खाऱ्या हवेत वाढलेली गाडी असेल तर विशेषच. ताज्या रंगाला तर मुळीच भुलू नये. रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे; जेथे ते धरत नाही, तेथे रंगाखाली पुट्टी भरलेली समजावी.

पत्र्याहूनही कागद अवघड. एका स्नेह्याने मुंबईच्या एका विधवा बाईंकडून गाडी घेतली. नोंदणी दिवंगत यजमानांच्याच नावे, एक मुलगा परदेशी. त्याच्या संमतीअभावी गाडी आठ महिने अंगणात झाकून राहिली, आणि बाईंना रोज फोन करणे स्नेह्यांच्या जिवावर येई. तेव्हा वारसांच्या सह्या आधी, पैसे मागाहून. शासी व इंजिनावरील क्रमांक पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत. परराज्यातील गाडीला मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते, आणि येथला कर पुन्हा भरावा लागतो, हे विकणारा सहसा सांगत नाही.

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात राहिलेल्या गाडीस २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापरास चालत नाही. भाजी आणावयास ती नेण्याचे मनात असेल तर या वाटेस जाऊ नये.

आणखी एक. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा त्याने झिजतात. गाडी घरी येताच ते बदलून घ्यावेत, आणि तोवर लांबचा पल्ला मारू नये.