न दिसणाऱ्या अक्षराचा माग

सर गेले त्यानंतर आठ महिन्यांनी काकूंनी मला बोलावून घेतले. टेबलावर दोन वस्तू काढून ठेवल्या होत्या : एक पेन ड्राइव्ह आणि सरांची रोजनिशी. रोजनिशीच्या शेवटच्या पानावर सरांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिलेला होता. काकू म्हणाल्या, "ह्यांची प्रस्तावना यात आहे. पण कुलूप उघडत नाही गं. शब्द तर हाच आहे."

निवृत्तीनंतर सर एका पोथीची संहिता सिद्ध करीत होते. प्रस्तावनेचे खर्डे ते परदेशातल्या एका स्नेह्याला ईमेलने पाठवीत, आणि तेही संकेतबद्ध करून. अप्रकाशित मजकूर उघड्यावर फिरू नये याबद्दल ते फार काटेकोर असत. त्यासाठी त्यांनी रीतसर प्रमाणपत्र घेतले होते आणि त्याची खाजगी किल्ली पीकेसीएस-१२ प्रकारच्या फाइलीत ठेवली होती. ही फाइल म्हणजे एक पेटी. आत किल्ली आणि प्रमाणपत्र, आणि बाहेरून एका शब्दाचे कुलूप. शब्द बरोबर असेल तर किल्ली हाती येते आणि त्या किल्लीने सगळी संकेतबद्ध पत्रे वाचता येतात.

सगळी पत्रे. हा शब्द मी मुद्दाम पुन्हा लिहिते आहे, कारण तिथेच माझी अडचण होती. सर जाण्याच्या दोन वर्षे आधी त्यांच्या एका ग्रंथावर मी प्रतिकूल परीक्षण लिहिले होते. त्यानंतर आमचे बोलणे चालू राहिले, पण त्यातली ऊब गेली. माझ्याबद्दल त्यांनी कुणाशी मन मोकळे केले असेल तर ते याच स्नेह्याशी, हे मला ठाऊक होते.

माझा एक माजी विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आहे. बी.ए.ला मराठी घेऊन मग तिकडे वळलेला. तो एका रविवारी लॅपटॉप घेऊन आला. त्याने ओपनएसएसएल या नावाच्या प्रणालीला ती फाइल दिली. १९९८ साली सुरू झालेला हा संकेतशास्त्रीय ग्रंथालयाचा प्रकल्प आज असंख्य संगणकांच्या पोटात काम करीत असतो. इथे 'ग्रंथालय' म्हणजे इतर कार्यक्रमांनी उसन्या घ्यायच्या आज्ञावलींचा साठा. त्याने शब्द टंकला. पडद्यावर काहीच उमटले नाही, कारण परवलीचा शब्द टंकताना दिसत नाही. मग एक ओळ आली : 'मॅक व्हेरिफाय एरर : इनव्हॅलिड पासवर्ड?' शेवटचे प्रश्नचिन्ह माझे नव्हे, यंत्राचेच आहे. शब्द चुकला की फाइलच बिघडली आहे, हे त्याला नक्की सांगता येत नाही, म्हणून ते विचारते. हे प्रश्नचिन्ह मला फार प्रामाणिक वाटले.

"मॅडम, आपण काय टंकतोय तेच दिसत नाहीये," तो म्हणाला. "ट्रेस चालू करून बघू या."

ट्रेस म्हणजे माग. प्रणाली आत काय करते आहे याची तिने स्वतःच बोलून दाखवलेली नोंद. ओपनएसएसएलमध्ये अशी एकात्मिक सोय सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीपासून आहे. मात्र ती आयती मिळत नाही. मूळ आज्ञावलीतून प्रणाली नव्याने बांधावी लागते आणि बांधतानाच 'एनेबल-ट्रेस' असे सांगावे लागते. तसे न सांगता बांधलेल्या प्रणालीत माग दाखवणारी कार्ये असतात, त्यांना हाकही मारता येते, पण ती गप्प राहतात. माग बंदच आहे एवढेच ती सांगतात. आमच्या त्या लॅपटॉपवर आधीपासून असलेली ओपनएसएसएल अशीच मुकी होती. त्याने मूळ आज्ञावली उतरवून घेतली, नवी बांधणी सुरू केली आणि आम्ही काकूंचा चहा घेत बसलो.

मागाचेही प्रकार असतात. दोन संगणकांमधल्या सुरक्षित संवादाचा एक, संरचनेच्या फाइलींचा एक, मोठ्या संख्यांच्या हिशेबाचा एक. 'सर्व' असाही एक प्रकार आहे, पण तो निवडला तर पाहणारा नोंदींच्या पुरात वाहून जातो. आम्हाला हवी होती ती एकच खोली : पीकेसीएस-१२ मध्ये शब्दापासून किल्ली तयार होते ती. त्या प्रकाराचे नाव एका चलात लिहिले, आज्ञा पुन्हा दिली, शब्द पुन्हा टंकला, आणि यंत्र बोलू लागले. किल्ली कशासाठी घडवायची त्याचा क्रमांक, शब्द किती वेळा घुसळायचा तो आकडा (आमच्या फाइलीत २०००), मग शब्दाची लांबी आणि त्याचे एकेक बाइट, मग 'सॉल्ट', म्हणजे एकाच शब्दापासून दरवेळी वेगळी किल्ली निघावी म्हणून मिसळलेले यादृच्छिक बाइट, आणि शेवटी निघालेली किल्ली. सगळे उघडे.

सरांचा शब्द मी इथे लिहिणार नाही. त्याच्यासारखाच अडचणीचा दुसरा शब्द घेते : 'दऱ्या'. आकडेही त्याप्रमाणे बदलून देते.

पहिल्या नोंदीत लांबी दिसली १२. पीकेसीएस-१२ मध्ये शब्दाचे प्रत्येक युनिकोड चिन्ह दोन बाइटांत मांडतात आणि शेवटी दोन शून्ये जोडतात. म्हणजे चिन्हे पाच. बाइट होते : ०९ २६, ०९ ३०, ०९ ४डी, ०९ २एफ, ०९ ३ई. त्याने चिन्हांचा तक्ता काढून दिला आणि मी एकेक वाचत गेले. द, र, हलन्ताचे चिन्ह, य, काना. मी म्हटले, "अरे, हा 'दर्या' झाला! समुद्र. आपल्याला 'दऱ्या' हव्यात." तो ओशाळून हसला. ज्या शब्दभेदावर त्याला मी वर्गात कधीकाळी दोन गुण कापले असतील, तोच आंधळेपणाने टंकताना निसटला होता. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक मराठीच्या कानाला लगेच कळतो. बोटांना कळेलच असे नाही.

त्या नोंदीखाली आणखी एक नोंद होती, आणि तिच्यात लांबी ३२. आम्ही तर एकदाच टंकले होते. त्याने शोधून सांगितले की पहिला प्रयत्न फसला की आज्ञा आपण होऊन दुसरा एक पाठ वापरून पाहते. २०१६ साली आलेल्या १.१.० या आवृत्तीपूर्वी ओपनएसएसएल परवलीच्या शब्दातल्या प्रत्येक बाइटाआधी एक शून्य लावत असे. रोमन अक्षरांना ते चालून जाई. देवनागरीचे एकेक चिन्ह मात्र यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे, त्यामुळे एका 'द'ची तीन भलतीच चिन्हे होत. त्या काळी असे भ्रष्ट कुलूप लावून बसलेल्यांचीही पेटी उघडावी म्हणून यंत्र आजही तो जुना अपपाठ एकदा करून पाहते. पोथ्यांच्या अभ्यासात आपण काही वेगळे करतो का? लेखकू कुठे चुकत असे हे माहीत असेल तर चुकीतूनही मूळ गाठता येते.

दुसऱ्यांदा मी स्वतः टंकले, काळजीपूर्वक, 'ऱ' घेऊन. लांबी १२. र च्या जागी ०९ ३१. शब्द निर्विवाद बरोबर होता, रोजनिशीत होता तसाच. उत्तर मात्र तेच, प्रश्नचिन्हासह.

आता मागाने त्याचे काम केले होते, आणि त्याची मर्यादाही उघड झाली होती. आपण यंत्राला काय सांगितले हे तो अक्षरशः दाखवतो; काय सांगायला हवे होते ते सांगत नाही. सरांनी काय टंकले होते ते त्यांच्याबरोबर गेले होते. कागदावरच्या शब्दाकडे मी पुन्हा पाहिले. ती य ला चिकटलेली बारीक आडवी रेघ. शाईत ती एकच असते. संगणकात ती दोन तऱ्हांनी साठवता येते, हे मला तेव्हा आठवले. एक तऱ्हा 'ऱ'ला हलन्त जोडण्याची. दुसरी त्याहून जुनी, युनिकोडच्या २.० या आवृत्तीतली आणि पुढे सुसंगतीसाठी मान्य ठेवलेली : साधा 'र', हलन्त, आणि त्यानंतर 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचे शून्य रुंदीचे चिन्ह. ते दिसत नाही, जागा घेत नाही, पण असते. पडद्यावर दोन्ही 'दऱ्या' सारख्याच दिसतात.

सरांची तऱ्हा कोणती? पाठचिकित्सेत जे करायला त्यांनीच शिकवले होते तेच करणे भाग होते. लेखकूच्या इतर प्रती पाहा, त्याची सवय ठरवा, मग संशयित जागेचा निवाडा करा. त्यांनी मला कधीकाळी पाठवलेल्या एका लेखाची फाइल माझ्याकडे होती. माझ्या विद्यार्थ्याने तिचे बाइट उलगडले. 'सुऱ्या', 'किनाऱ्यावर', 'तिसऱ्या'. प्रत्येक ठिकाणी ते अदृश्य चिन्ह होते : २० ०डी. एकही अपवाद नाही. सर जुन्या कळफलकावर टंकायला शिकले आणि शेवटपर्यंत तसेच टंकत राहिले.

महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवले होते आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली, हा प्रसंग सर एम.ए.च्या वर्गात रंगवून सांगत. 'कुलूप घालणाराही माणूसच असतो, त्याच्या हाताची सवय शोधा,' असा त्यांचा सांगण्याचा रोख असे. तेव्हा आम्ही परीक्षेपुरते टिपून घेतले होते.

तिसऱ्यांदा त्यांच्याच लेखातली अक्षरे जोडून शब्द दिला. लांबी १४. २० ०डी जागेवर. या वेळी प्रश्नचिन्ह आले नाही.

काकू दारात उभ्या होत्या. मी त्यांना सांगितले की पेटी उघडली, आणि हेही सांगितले की या किल्लीने प्रस्तावनाच नव्हे, सारी पत्रे उघडतात. किल्लीला यातले खाजगी काय आणि वाङ्मयीन काय ते कळत नाही. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "प्रस्तावना तेवढी काढा. पत्रं ह्यांनी मला दाखवली नव्हती. आता मी कशाला बघू?" आणि माझ्याकडे पाहत, "तूही नको बघूस."

त्यांना परीक्षणाचे सगळे ठाऊक होते, हे मला त्या क्षणी कळले.

आम्ही खर्डे जोडलेली चारच पत्रे उघडली. जोडलेली फाइल उतरवून घेतली आणि पत्राचा मजकूर न वाचता मिटला. राहिला तो माग. विद्यार्थ्याने सगळी नोंद एका फाइलीत साठवली होती. "मॅडम, भारी केस आहे, ऑफिसात दाखवीन म्हणतो," तो म्हणाला. मी त्याला ती पुन्हा उघडायला लावली. तिच्यात सरांचा शब्द होता, अदृश्य चिन्हासकट, आणि त्यापासून घडलेली किल्लीही. रोजनिशीतल्या शब्दाने कुलूप उघडत नव्हते. या फाइलीने कुणालाही उघडता आले असते. दोष शोधण्यासाठी लावलेल्या दिव्यात गुपितही तितकेच लख्ख दिसते. ही सोय बांधतानाच बंद का ठेवतात, ती मुकी का असते, हे मला पुस्तकाशिवाय समजले. त्याने फाइल पुसली, पेटीची लॅपटॉपवरची प्रतही पुसली, चलातले नाव काढले. मी माझ्या संगणकावर काही उतरवून घेतले नव्हते. घ्यावे असे दोनदा मनात आले होते, हे मात्र इथे लिहून ठेवायला हवे. पेन ड्राइव्ह आणि रोजनिशी काकूंनी कपाटात ठेवली.

सरांनी माझ्याबद्दल काय लिहिले ते मला आता कळणार नाही. काही लिहिलेच असेल असेही नाही. परीक्षण मी पुन्हा काढून वाचले. त्यातली दोन विधाने मी आजही करीन. तिसरे मी ग्रंथ नीट न वाचता केले होते. ते यंत्राच्या त्या ओळीसारखे प्रश्नचिन्ह घालून करायला हवे होते.

प्रस्तावना सध्या माझ्याकडे मुद्रितशोधनासाठी आहे. तिच्यात 'ऱ्य' येतो तिथे तिथे ते न दिसणारे चिन्ह आहे. मुद्रकाने विचारले, सगळीकडे नव्या पद्धतीने करून टाकू का? छापून आल्यावर दोन्ही सारखेच दिसणार आहेत. मी त्याला तसेच राहू द्यायला सांगितले.