राजाची अडीच घरं

झड लागली होती. आदिलाबादकडच्या नार्नूरला झड लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, कापसाच्या रानात पाऊल घालता येत नाही, आणि लाइट गेली तर कधी येईल हे कुणी विचारतही नाही. अशा एका संध्याकाळी ओसरीवर, कंदिलाच्या उजेडात, आबांनी राजाच्या घरावर बोट दाबलं. पटाच्या कडेचे दोन तांबडे दिवे लागले, एक उभ्या पट्टीचा, एक आडव्या. जीच्या पट्टीतलं प्यादं आबांनी आधीच एक घर पुढे सरकवून ठेवलं होतं. त्यांनी राजा उचलला, अडीच घरं उडवून त्या मोकळ्या जागी ठेवला आणि दाबला. बुद्धिबळाचं यंत्र टीं-टीं वाजलं. दिवे राजाच्या जुन्या घरावरून हलले नाहीत.

आबांनी पुन्हा दाबलं. पुन्हा टीं-टीं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपल्या जुन्या बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, किल्लेकोट नसतो, आणि त्याच्या बदल्यात राजाला शह लागायच्या आधी एकदाच घोड्यासारखी उडी घेता येते. आबा लहानपणापासून हेच खेळत आले. पिंपळाच्या पारावर खडूनं आखलेल्या पटावर खेळले, बाजाराच्या दिवशी पोत्यावर बसून खेळले. यंत्र मात्र साहेबी नियमांचं होतं. मामा चंद्रपूरच्या वीज केंद्रात कामाला होते. त्यांच्या एका मित्रानं आखातातून येताना ते आणलं होतं, पाठीवर हाँगकाँगचं नाव होतं, आणि पोटात सहा पेन्सिल सेल बसत.

आबा रागावले नाहीत. राजा परत जागेवर ठेवत म्हणाले, "त्याच्या मुलखात चालत नसन."

हे वाक्य मी कधी विसरलो नाही. आबांच्या जमिनीचे कागद निजामाच्या वेळचे, उर्दूतले. 1956 साली आदिलाबाद आंध्रात गेलं आणि पुढे कचेरीची भाषा तेलुगू झाली. मी शाळेत मराठी पुस्तकातून शिकलो. ज्या पटावर आम्ही घोडा आणि हत्ती म्हणायचो, त्याच पटावर आमच्यासोबत बसणारे तेलुगू मित्र गुर्रम आणि एनुगु म्हणत. दुसऱ्याचे नियम शिकून घ्यायचे आणि आपले मनात जपून ठेवायचे, हे आबांना कुणी शिकवावं लागलं नाही. मीर सुलतान खान पंजाबातून लंडनला गेले तेव्हा त्यांनीही हेच केलं. देशी खेळात वाढलेला हा माणूस परका खेळ शिकला आणि 1929, 1932 आणि 1933 साली ब्रिटिश विजेता झाला. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. भारताची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1955 साली आंध्रातल्या एलुरूला झाली आणि तिचं विजेतेपद दोघांत वाटून गेलं, एक रामचंद्र सापरे, दुसरे डी. वेंकय्या. एक मराठी, एक तेलुगू. आमच्या ओसरीवर रोज जे घडायचं तेच.

आठवडाभरात आबांनी यंत्राचे नियम पाठ केले. मग खरा खेळ सुरू झाला, आणि मला त्या डब्याच्या आत काय चाललंय याची ओढ लागली.

आत होता एक आठ बिटांचा प्रोसेसर. त्या काळच्या स्वस्त यंत्रांत सगळा प्रोग्राम, म्हणजे त्याचं इंजिन, सोळा किलोबाइटमध्ये मावत असे, आणि खेळताना आकडेमोड मांडायला जागा असे अवघी 256 बाइट. एखाद्या पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर. तेवढ्या जागेत ते बसून विचार करायचं. मी ही चाल केली तर समोरचा काय करील, त्यावर मी काय करीन, पुन्हा तो काय करील. पहिल्या चालीला पांढऱ्यापुढे वीस वाटा, काळ्यापुढे वीस, म्हणजे दोनच चालींत चारशे. यातल्या बहुतेक वाटांवर पाऊलही न टाकता त्या कापून टाकायच्या, हीच इंजिनाची खरी विद्या. ज्या फांदीला समोरचा फळ धरूच देणार नाही, ती शेवटापर्यंत मोजायची कशाला? मग उरलेल्या वाटांच्या टोकाशी जाऊन हिशेब करायचा: प्याद्याचा एक, घोड्याचे आणि उंटाचे तीन-तीन, हत्तीचे पाच, वजिराचे नऊ. गणितज्ञ क्लॉड शॅननने 1950 सालीच हा रस्ता कागदावर आखून दिला होता. 1977 साली अमेरिकेत 'चेस चॅलेंजर' बाजारात आला आणि असा डबा पहिल्यांदा घराघरांत जाऊ लागला. पुढे म्युनिकच्या मेफिस्टो यंत्रांसाठी रिचर्ड लँग या एकट्या माणसानं लिहिलेली इंजिनं ऐंशीच्या दशकात यंत्रांच्या स्पर्धांत जगज्जेती ठरली. एका माणसाची समज दुसऱ्याच्या ओसरीवर, सेलवर चालत येते, याचं मला आजही नवल वाटतं.

पण या नजरेला हद्द होती. हान्स बर्लिनर यांनी तिला क्षितिजाचं नाव दिलं. ते स्वतः टपालाने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचे जगज्जेते होते, एकेका चालीवर दिवसचे दिवस बसणारे. यंत्र जितक्या चाली मोजू शकतं त्यापलीकडचं त्याच्यासाठी नसतंच. संकट अंगावर येताना दिसलं, की ते एखादं प्यादं फुकट देतं, उगाच एक शह देतं. संकट टळत नाही, दोन चाली लांबतं, आणि तेवढ्यानं ते त्याच्या नजरेआड होतं.

आबांनी हे पुस्तक न वाचता ओळखलं. पटावर मोहरी कमी झाली की ते कडेचं एक प्यादं हळूच सोडायचे. दहा-बारा चालींनंतर ते शेवटच्या घरात पोचणार, हे त्यांना दिसे. यंत्राला दिसत नसे. यंत्र भलतीकडे घोडा नाचवत राही. मृगात पेरलेला कापूस दिवाळीत वेचायचा, एवढ्या लांबचं बघायची सवय ज्याला आहे, त्याला दहा चाली म्हणजे काय! वजीर झाला तरी आबा घाई करत नसत. शेवटची मात शक्यतो प्याद्यानं द्यायची. जुन्या खेळाडूंत प्यादेमातीचा मान सगळ्यात मोठा. यंत्राला हा मान ठाऊक नव्हता, पण आबा त्याच्यासमोरही तो पाळत.

आज माझी मुलगी फोनवर खेळते. त्यातलं स्टॉकफिश इंजिन सेकंदाला लाखो स्थिती चाळतं आणि पृथ्वीवरच्या कुठल्याही माणसाला हरवतं. बोट उचलायच्या आत त्याची चाल आलेली असते. मुंबईच्या भव्य गोहिल आणि आतुर मेहता यांनी स्क्वेअर ऑफ नावाचा पट बनवला, त्यात खालच्या चुंबकानं मोहरी आपोआप सरकतात. लाकडावरून घोडा स्वतःहून वाट काढत निघाला की पाहतच राहावंसं वाटतं. मी या सगळ्याचा भक्त आहे. तरी माझा जीव त्या जुन्या डब्याच्या विचार करण्यात अडकला आहे. वरच्या पातळीवर लावला की तो एका चालीला काही मिनिटं घेई. तेवढ्या वेळात आबा सुपारी कातरत, आजी चहा टाकून जाई, पाऊस कौलांवरून पन्हाळीत येई, आणि कोपऱ्यातला तांबडा दिवा लुकलुकत राही. समोर कुणीतरी आहे आणि ते आपल्या चालीचा मनापासून विचार करतंय, हे फोनवर कधी जाणवलं नाही.

त्या झडीतच मी यंत्रासोबत आलेली इंग्रजी पुस्तिका काढली. शाळेतला शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक ओळ लावत गेलो. एका पानावर सापडलं: एक बटण दाबलं की यंत्र खेळ थांबवतं आणि मोहरी हवी तिथे मांडू देतं. मांडून झालं की चाल कुणाची ते सांगायचं. तिथून पुढे ते खेळतं. कसं आलं, विचारत नाही.

मी आबांना म्हटलं, "आबा, आज राजा उडवा."

त्यांनी जीच्या पट्टीतलं प्यादं एक घर सरकवलं. यंत्रानं उत्तर दिलं. मी बटण दाबलं, राजाला जुन्या घरातून उचललं आणि जी-दोनवर दाबून बसवलं. चाल काळ्याची, म्हणून सांगितलं. पुन्हा बटण.

टीं-टीं झालं नाही.

आबा पुढे वाकले. कंदिलाची काच काजळली होती, म्हणून तांबडा दिवा जास्तच लाल दिसत होता. तो एकदा लुकलुकला, मग सावकाश, एका लयीत, लुकलुकत राहिला.

"बसला विचार करत," आबा म्हणाले आणि सुपारीचा डबा ओढला.